ज्याचं नाव, त्याचं भांडं

ताईच्या फारकतीची बैठक मे महिन्यात ठेवली, कारण गुरुजींना तेव्हा सुट्ट्या असतात. गुरुजी म्हणजे ताईचे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. गावात, घरात आणि ताईच्याही तोंडी ते गुरुजीच होते. संसार सत्तावीस वर्षांचा. एक मुलगी, ती लग्न होऊन पुण्याला गेलेली. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. शाळेच्या गावी त्यांनी खोली घेतली होती आणि त्या खोलीत त्यांच्यासोबत दुसरी बाई राहते, हे दीड वर्षापासून सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत त्या बाईचा उल्लेख एकदाही झाला नाही. 'दोघांचं पटत नाही' एवढाच विषय होता.

बैठक फुलसावंगीजवळच्या त्यांच्या गावी होती, गुरुजींच्या थोरल्या भावाच्या ओसरीत. आमच्याकडून दादा, म्हणजे आमचा भाऊ, आणि मी. आई आली नाही. मी त्या वेळी यवतमाळला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत होते. बाईनं बैठकीत बसायची पद्धत नव्हती. मला दाराशी खुर्ची दिली, कारण मला उठवायचं कसं हे कोणाला सुचलं नाही.

"साळीबाई, हे पेपरात टाकू नका बरं," गुरुजी मला, म्हणजे मेहुणीला, म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन.

वाद घराचा होता, म्हणून आधी घराबद्दल सांगते. चार वर्षांपूर्वी गुरुजींनी महागावात, बाजार समितीच्या पलीकडच्या नव्या लेआउटमध्ये, एक बांधलेलं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. इसार दिला तो ताईच्या माहेरच्या पाटल्या मोडून. उरलेली रक्कम गुरुजींनी भविष्य निर्वाह निधीतून, म्हणजे त्यांच्या भाषेत जीपीएफमधून, काढली. खरेदी ताईच्या नावावर केली. प्रेमापोटी नाही. बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळत होती. गुरुजींनी तेव्हा हे मला फोनवर सांगितलं होतं, आणि आपण मोठी हुशारी केली असा त्यांचा सूर होता. "सरकारनं देल्लं तं घ्याले काय जाते?" असं ते म्हणाले होते.

पुढे खोलीतल्या बाईचा बोभाटा झाला. गुरुजींनी ताईला "चार दिवस माहेरी जाय" असं सांगून ढाणकीजवळच्या आमच्या गावी पाठवलं आणि मागे महागावच्या घराला नवं कुलूप लावलं. घरातलं सामान मालवाहू ऑटोत भरून थोरल्या भावाकडे नेऊन टाकलं. चार दिवसांचं वर्ष झालं. बैठक ठरली तेव्हा ताईजवळ चार साड्या आणि नावावर एक घर होतं. घराची किल्ली गुरुजींच्या खिशात होती.

बैठकीच्या दिवशी आम्ही सकाळी दहाला पोहोचलो. उन्हानं ओसरीची फरशी तापली होती, कूलर नुसताच गरम हवा फेकत होता. पंच अजून जमत होते. थोरल्यांची बायको बाहेर आली आणि ताईला म्हणाली, "ये वं, आत ये. पोळ्या टाकाच्या हायेत."

मला वाटलं, ताई नाही म्हणेल. तिनं पदर खोचला आणि ती आत गेली. मी मागोमाग गेले. "काहून करतं तू हे?" मी विचारलं.

"अजून फारकत नाही झाली ना," थोरल्यांची बायकोच मधे बोलली. "तोवर सून तं हायच ना या घरची. पंचाचं जेवण का मी एकटीनं करू?"

ताईनं कणीक भिजवली. पंच आठ, घरची माणसं वेगळी. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी आणि आमरस. जी माणसं तिचा संसार वाटून देणार होती, त्यांच्या पोळ्या तिनं लाटल्या. आमरसात वेलदोडा कमी पडला, असं एका पंचानं जेवताना सांगितलं. तिनं वेलदोडा कुटून पाठवला.

जेवणं झाल्यावर उष्टी भांडी मोरीत गेली आणि तीही तिनंच घासली. जेवण ताईच्या संसारातल्याच भांड्यांत केलं होतं, आणि वाटणी त्याच भांड्यांपासून सुरू व्हायची होती. भांडी ओली असताना कशी वाटणार, म्हणून आबाजींनी पाऊण तास विश्रांती जाहीर केली. आबाजी हे पंचांचे म्होरके. सत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज मऊ. पुरुष ओसरीत कलंडले. आत ताई एकेक भांडं पुसून पालथं घालत होती.

आमच्याकडे लग्नाच्या आहेरातल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. मामा, आत्या, मावशी, शेजारी, भिशीतल्या बाया. नावाखाली लग्नाची तारीख. भांडीवाल्याकडे बारीक आवाज करणारं यंत्र असतं, तो विचारतो, "नाव काय टाकू?" आणि तिथंच टाकून देतो. फारकतीत ही नावं वाचून वाटणी होते. मुलीकडच्यांचं नाव असेल ते भांडं मुलीचं, मुलाकडच्यांचं असेल ते मुलाचं. ज्यांच्या आजोबांनी पंचांसमोर गवताची काडी मोडून संसार मोडले, त्यांची नातवंडं आता स्टीलवरची नावं वाचतात आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात.

भांडी ओसरीत आणून मांडली. आबाजींनी नियम सांगितला. "जुनी रीत हाय. ज्याचं नाव त्याचं भांडं. कोणाले काही म्हणाचं हाय?"

"नाही जी. मंजूर," थोरले म्हणाले.

"पोरीकडच्याइले?"

"मंजूर," दादा म्हणाला.

नावं वाचायचं काम गुरुजींनी घेतलं. चष्मा लावला, सतरंजीवर मांडी घातली. भांडं उचलायचे, कड उजेडाकडे फिरवायचे, नाव मोठ्यानं वाचायचे. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेला आवाज होता तो. नाव वाचलं की ते क्षणभर थांबत, हजर म्हणायला कोणी उठेल असं वाटावं इतकं. मग भांडं डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या ढिगात जाई. वाट्या एकेक करून वाचल्या. गिलास एकेक करून वाचले. एका चमच्यावरून दोन पंचांत वाद झाला, कारण त्यावरचं आडनाव दोन्हीकडे होतं. तो चमचा शेवटी कोणाकडे गेला ते मला आठवत नाही. वाद आठवतो.

मग एक गंज निघाला. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. त्यात सत्तावीस वर्षं त्या घराचं दूध तापलं होतं. गुरुजींनी तो उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"दिसून नाही राह्यलं."

"नाव नाही तं घरचं," आबाजी म्हणाले. गंज उजवीकडे, म्हणजे गुरुजींच्या ढिगात गेला.

ताई दाराच्या चौकटीशी उभी होती. "त्याच्यावर माह्या आत्याचं नाव होतं," ती म्हणाली. "घासू घासू गेलं."

"असन ना," थोरले म्हणाले. "पण आता दिसते का? पंचाइनं अंदाजानं वाटाव का?"

एक तरुण पंच होता, मोटारसायकलवर आलेला. तो म्हणाला, "कमी घासाचं होतं मंग, वहिनी."

ओसरी हसली. आबाजींनीही टोपी सारखी करत हसून घेतलं. दादाच्या ओठांवरही हसू आलेलं मी पाहिलं.

त्यानंतर जे झालं ते सरळ आहे. जी भांडी कपाटात पडून राहिली, लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून नाहीतर सणापुरती निघाली, त्यांच्यावरची नावं स्पष्ट होती. जी रोज वापरली, रोज राखेनं आणि काथ्यानं घासली, त्यांची नावं गेली होती. परात, कोपर म्हणजे पसरट थाळा, दोन गंज, तवा, रोजच्या ताटांची चवड, पाण्याचा गुंड. ती सगळी उजवीकडे गेली. जिनं ती घासली तिच्या वाट्याला न वापरलेली शोभेची भांडी आली. पंचांपैकी एकालाही यात वावगं दिसलं नाही. नियम सगळ्यांनी मान्य केला होता. मी अनेक बातम्यांत 'सर्वानुमते' हा शब्द छापला आहे. त्या दुपारी तो कसा तयार होतो ते पाहिलं.

डावीकडचा ढीग पोत्यात बांधून दादानं बाहेर उभ्या असलेल्या गाडीत टाकला. मग घराचा विषय निघाला.

गुरुजींनी पिशवीतून दोन कागद काढले. एक बक्षीसपत्र, दुसरी फारकत. दोन्ही टाइप करून आणलेले. बक्षीसपत्रात ताई महागावचं घर गुरुजींना बक्षीस देत होती. फारकतीत ती घर, शेत, जीपीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांवरचा हक्क सोडत होती. उद्या उमरखेडला जाऊन आधी बक्षीसपत्राची नोंदणी करायची, मग फारकतीवर सह्या, असा क्रम होता.

"क्रम लक्षात घ्या," थोरले पंचांना समजावू लागले. "नवराबायकोत बक्षीसपत्र केलं तं मुद्रांक नावापुरता लागते. फारकत झाल्यावर केलं तं पुरा खर्च बसन. म्हणून आधी बक्षीसपत्र, मंग फारकत. एका दिवसात दोनी."

पंचांनी माना हलवल्या. डोकं आहे बुवा गुरुजींना, असा एकाचा अभिप्राय आला. सूट मिळावी म्हणून जी बायको म्हणून कागदावर आली, तिनं सूट मिळावी म्हणूनच एक दिवस जास्त बायको राहायचं होतं.  

"सांग बाई," आबाजी म्हणाले, "उद्या येतं ना उमरखेडले?"

ताईनं चौकट सोडली नाही. "आबाजी, एक इचारू?"

"इचार ना."

"घराच्या खरेदीवर कोणाचं नाव हाय?"

तरुण पंचानं मोबाइल काढला आणि बघू लागला.

"नाव तुहंच हाय," आबाजी म्हणाले. "पण..."

"मंग ज्याचं नाव त्याचं भांडं म्हणे ना तुम्ही."

"भांडं येगळं, घर येगळं."

"मघाशी तं येगळं नोतं."

गुरुजींनी चष्मा काढला. "नाव मी टाकलं होतं, सूट भेटाव म्हणून. पैसा माह्या जीपीएफचा हाय. माह्या म्हातारपणाचा पैसा हाय तो."

"गंजाचा पैसा कोणाचा होता हे तं कोणं इचारलं नाही," ताई म्हणाली. "पाटल्या कोणाच्या होत्या हे बी नाही इचारलं."

थोरल्यांचा आवाज चढला. "सत्तावीस वर्स माह्या भावाचा पगार खाल्ला अन् आता त्याच्याच घरावर बसून राह्यली!"

"पगार कच्चा थोडी खाल्ला, भाऊजी. शिजवला कोणं?"

ती ओरडली नाही. ताटात काय वाढू, हे विचारावं त्या स्वरात बोलली. दादा उठला आणि तिचा दंड धरून म्हणाला, "चूप राय ना वं. चार लोकात काय लावलं हे?" तिनं दंड सोडवून घेतला.

"मले फारकत नाही पायजे. गुरुजीले पायजे. ज्याले पायजे त्यानं कोर्टात जावं. मी सही करत नाही."

मग एक तास सगळे बोलत होते. माहेरची शिकवण, पेपरवालीची फूस, पोरीचं सासर, आजकालच्या मालिका, सगळं निघालं. मी काहीच शिकवलं नव्हतं, पण ते सांगून उपयोग नव्हता. पाच वाजता आबाजींनी बैठक पुढे ढकलली. फारकत झाली नव्हती, तेव्हा भांड्यांची वाटणीही रद्द व्हायला हवी होती. मी तसं म्हटलं. थोरले म्हणाले, "वाटले ते वाटले." दादाही म्हणाला, "जाऊ दे, वाटले ते वाटले." त्या दिवसात दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट.

पोतं आमच्या घरी आलं आणि चार दिवसांत सुटलं. आमच्या मामांचं नाव असलेल्या डब्यांत वहिनीनं डाळी भरल्या. ताई सोयाबीनची पोती ठेवायच्या खोलीत झोपत होती. तिनं भांड्यांबद्दल काही म्हटलं नाही. आईनं एकदा म्हटलं, तर वहिनी बोलली, "मंग काय पोत्यातच ठेवाचे होते? हायेत ना, कुठं पळून चालले का?"

त्या सहा महिन्यांत मी सुट्टीच्या दिवशी गावी जात असे. दर वेळी एकच ऐकायला मिळे. "सही करून दे ना," दादा म्हणायचा. "बजारात लोकं इचारतात मले. एकट्या बाईले घर कायले पायजे? अथी काय कमी हाय तुले?" हे तो अंगणात बाजेवर बसून म्हणायचा, आणि ताई त्याच्या गायीचं दूध काढत असायची. गुरुजींचे निरोप येत. आधी धमकीचे, मग पोरीचं नाव घेऊन, मग पुन्हा धमकीचे. ताईला हवं होतं ते एवढंच: ते घर आणि त्याची किल्ली. एकदा ती मला म्हणाली, "मले मेल्यावर कोणाच्या ओट्यावर ठेवतीन ते चालन. जित्तेपणी माह्या ओट्यावर बसाचं हाय."

दिवाळीनंतर गुरुजींचा स्वर बदलला. त्याचं कारण पेन्शनची कागदपत्रं. निवृत्तीआधी काही महिने प्रस्ताव पाठवावा लागतो आणि त्याला नवरा-बायकोचा एकत्र काढलेला फोटो जोडावा लागतो. गुरुजींना तिथं दुसऱ्या बाईचा फोटो लावायचा होता. कार्यालयातल्या बाबूनं विचारलं, कोर्टाचा हुकूम कुठे आहे? गुरुजींनी त्याला पंचांच्या फारकतीचा मसुदा दाखवला. बाबू म्हणाला, "सर, यानं नाही होत. हुकूमनामा आणा, नाहीतर पहिल्या मॅडमचा फोटो आणा. नाहीतर पेन्शन लांबते." पूर्ण गावाला जी फारकत पुरेशी वाटत होती, ती एका बाबूच्या टेबलावर रद्दी ठरली. गुरुजींनीच मला हे फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्यांचा राग त्या बाबूवर होता.

"साळीबाई, तिले समजावा. एक फोटो तं काढाचा हाय. फोटो काढल्यानं काय होते?"

मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "पयले कोर्टात लिहून द्या म्हणा. घर माहं म्हणून. मंग फोटो."

पुसदच्या एका वकीलबाईंकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी कायदा सांगितला तो असा. घर नावावर आहे, ते टिकेल. निवृत्तीच्या पैशाचं वेगळं आहे. जीपीएफ आणि ग्रॅच्युइटी बायकोला अर्धी द्या, असा कायदा आपल्याकडे नाही. एकरकमी पोटगी मागता येते, पण ते भांडण वर्षानुवर्षं चालेल. दुसरा रस्ता म्हणजे घटस्फोट द्यायचाच नाही. मग कायद्यानं बायको तीच राहील, आणि गुरुजी गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन तिलाच मिळेल.

मला तो रस्ता योग्य वाटला. मी बसमध्ये ताईला तसं सांगितलं. तीस वर्षांच्या नोकरीतला निम्मा भार तिनं उचलला होता, तेव्हा निदान एवढं तरी. ती खिडकीतून पऱ्हाट्यांकडे बघत होती. कापसाची वेचणी चालू होती.

"म्हंजे मी रोज उठून पायाचं, हा माणूस मेला का नाही," ती म्हणाली. "असं बसून राहाचं का मी? नोको बाई. मले किळस येते."

म्हणून तिनं जीपीएफ सोडला, ग्रॅच्युइटी सोडली, पेन्शन सोडली. बदल्यात घर आणि त्याचा ताबा. वकीलबाईंनी मसुदा केला आणि संमतीनं घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला. सही करताना गुरुजींनी वकीलबाईंना विचारलं, "यात कुठं स्टॅम्प वाचते का?"

त्याच आठवड्यात फोटो काढला. महागावच्या बसस्टँडसमोर, पायऱ्या चढून वर एक स्टुडिओ आहे. मी ताईसोबत होते, गुरुजींसोबत थोरले. फोटोवाल्यानं पडद्यापुढे दोन स्टुलं ठेवली. दोघं बसली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"मॅडम, थोडं सरांकडे सरका."

ताई हलली नाही. गुरुजी सरकले.

"आणखी थोडं. चौकटीत मावले पायजे ना. हां. सर, खांद्याले खांदा." फोटोवाला कॅमेऱ्यातून बघत होता. "लयच रागावलेले दिसून राह्यले सर. जाऊ द्या, पेन्शनचे फोटो सारेच असे येतात."

थोरले हसले. गुरुजीही हसले, आणि नेमका तोच फोटो आला. त्यात गुरुजी हसत आहेत आणि ताई समोर बघते आहे. तो फोटो प्रस्तावाला लागला. पत्नी म्हणून तिची सही झाली. घटस्फोट मंजूर झाल्यावर तिचं नाव काढायचं आणि दुसरं घालायचं, हे ठरलेलंच होतं. फोटोचे पैसे गुरुजींनी दिले आणि पावती मागून घेतली.

हुकूमनामा पुढच्या उन्हाळ्यात झाला. तोवर गुरुजी निवृत्त झाले होते. शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, आदर्श शिक्षक म्हणून भाषणं झाली. कोर्टाबाहेर दादा ताईला म्हणाला, "झालं ना तुह्या मनासारखं? आता तुह्यामागं ते घर माह्या पोराच्या नावानं करशील. बाहेर नको जाले." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली. त्याच दुपारी किल्ली घ्यायला आम्ही महागावला गेलो. गुरुजी आणि थोरले आधीच येऊन बसले होते.

घर रिकामं होतं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या तेवढ्या राहिल्या होत्या आणि त्यांवर हे दोघे होते. भिंतीवर, जिथं कपाट होतं तिथं, फिकट चौकोन राहिला होता. गुरुजींनी हातात पाना घेतला होता. छताचा पंखा उतरवून झाला होता. तो वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवलेला होता. होल्डरमधले दिवेही निघाले होते.

"हे कायले?" मी विचारलं.

"कागदावर घर लिहिलं हाय," गुरुजी म्हणाले. "पंखा नाही लिहिला. वाचून पाहा."

मी कागद वाचलेला होता. ते बरोबर होतं.

थोरल्यांनी उपरण्यानं मान पुसली. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, काही वाईट हेतू नसताना म्हणाले, "चहा टाक वं बाई. लय ऊन लागलं."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आतल्या, स्वयंपाकाच्या ओट्यावर काही नव्हतं.

"कशात टाकू, भाऊजी?" ती म्हणाली. "ज्याचं नाव पुसलं ते तुमच्या घरी हायेत. ज्याचं नाव हाय ते दादाच्या घरी हायेत. चहा पेवाचा असन तं चौकात टपरी हाय. अन् खुर्च्या नेता का तुमच्या? त्या बी कागदावर नाहीत."

दादा दाराबाहेर चपला घालत होता. त्यानं ऐकलं आणि तो गाडीकडे निघून गेला.

गुरुजींनी किल्ली खिडकीच्या कठड्यावर ठेवली, तिच्या हातात दिली नाही. दोघांनी खुर्च्या उचलल्या. जाताना गुरुजी मागच्या मोरीत गेले आणि पान्यानं नळाची तोटी काढून घेतली. पाण्याची धार सुटली ती आम्ही ऐकली. ते ओल्या हातानं बाहेर आले, तोटी पिशवीत टाकली आणि निघाले.

ताईनं पदराची कड फाडली आणि पाइपात कोंबली. पाणी तरी झिरपत राहिलं. मी चौकातून नवी तोटी आणि टपरीवरचा चहा आणायला निघाले. परत आले तेव्हा ती पुढच्या ओट्यावर बसली होती, किल्ली मांडीवर, आणि पाय उन्हात सोडलेले होते. पिशवीतला चहा आम्ही टपरीच्या कागदी कपांत ओतून घेतला.